चालकाविना गाडी आणि बीकेसीचे शेवटचे तीन किलोमीटर : एक प्रकरण अभ्यास

प्रकरण

वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरीला येणाऱ्या बहुतेकांचा प्रवास दोन तुकड्यांत होतो. पहिला तुकडा लोकलचा असतो: विरार, वसई, बोरिवलीकडचा माणूस वांद्र्याला उतरतो आणि कल्याण, डोंबिवली, ठाण्याकडचा कुर्ल्याला. दुसरा तुकडा स्थानकाबाहेर पडल्यापासून कार्यालयाच्या फाटकापर्यंतचा, म्हणजे अडीच-तीन किलोमीटरचा असतो, आणि तासभर लोकलमध्ये उभे राहून आलेला माणूस त्या तासापेक्षा या तीन किलोमीटरांवर अधिक वैतागलेला दिसतो. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, १९७७ नंतर मिठी नदीकाठच्या दलदलीच्या जमिनीवर सुमारे ३७० हेक्टरांचे हे संकुल उभे केले. राष्ट्रीय शेअर बाजार, सेबी, भारत डायमंड बोर्स, अमेरिकेची वकिलात, प्राप्तिकर खात्याचे कौटिल्य भवन, कुटुंब न्यायालय अशी एकाहून एक गर्दीची ठिकाणे तिथे आली. उपनगरी रेल्वेचा रूळ मात्र संकुलाच्या पूर्वेला आणि पश्चिमेलाच राहिला.

चालकाविना चालणाऱ्या मोटारगाड्या मुंबईत आल्या तर काय होईल, हा प्रश्न एरवी हवेतला वाटतो. बीकेसीत तो जमिनीवर येतो, कारण चालकाला वगळून माणसे नेण्याच्या तीन निरनिराळ्या कल्पना या एकाच जागी शेजारी-शेजारी मांडता येतात. जमिनीखाली मेट्रो-३ धावते, जिच्या गाड्या चालकाविना चालण्याच्या क्षमतेच्या आहेत. जमिनीवर खांबांवरून जाणारी, मोजक्या माणसांच्या लहान डब्यांची पॉड टॅक्सी एमएमआरडीएने मार्च २०२४ मध्ये मंजूर केली आहे. आणि रस्त्यावर, निदान चर्चेत तरी, स्वयंचलित मोटारगाडी आहे. या तिघींची तुलना ज्यांच्याशी करायची ती बेस्टची बस आणि शेअर रिक्षा रोज सकाळी तिथेच उभी असते. म्हणून या अभ्यासासाठी वांद्रे स्थानक (पूर्व) ते संकुल हा एकच पट्टा घेतला आहे. कुर्ल्याच्या बाजूचा उल्लेख गरजेपुरता येईल.

आजची व्यवस्था

सकाळी साडेआठ ते साडेदहा या वेळेत वांद्रे पूर्वेला लोकल लागली की पुलावरून उतरणारा लोंढा थेट रिक्षांच्या रांगेत शिरतो. रिक्षावाले ‘बीकेसी, बीकेसी’, ‘डायमंड, डायमंड’ असे पुकारत असतात. मागे तिघे बसले की रिक्षा निघते. वाहतूक पोलीस कोपऱ्यावर नसेल तर चौथा चालकाशेजारी अर्धा बाहेर बसतो, आणि ते बेकायदा आहे हे त्या पाचही जणांना ठाऊक असते. भाडे मीटरवर ठरत नाही, ते स्टँडचे असते, आणि सुट्टे पैसे किंवा यूपीआय यावरून थोडी कुरबुर झाली तरी रांग थांबत नाही. एक रिक्षा भरून हलायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही, कारण कोणाला कुठे जायचे आहे हे विचारावेच लागत नाही. रांगेत उभे राहणे हेच बुकिंग असते.

दुसरा पर्याय बसचा. वांद्रे बस स्थानक (पूर्व) आणि कुर्ला स्थानक (पश्चिम) यांना संकुलातून जोडणारी ३१० क्रमांकाची बस या भागातल्या नोकरदारांना तोंडपाठ आहे. मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये झाले. त्याआधी, जुलै २०१९ पासून, ते ५ आणि ६ रुपये होते. भाडे वाढूनही बस सर्वांत स्वस्तच आहे. तिची अडचण अशी की ती स्थानकाकडून संकुलाकडे जाताना लागणाऱ्या कलानगरच्या सिग्नलला रिक्षा आणि मोटारींच्या मागे अडकते, आणि वेळेवर येण्याची खात्री नसल्यामुळे ज्याला दहाची हजेरी गाठायची आहे तो तिची वाट पाहत नाही.

तिसरा पर्याय चालण्याचा, आणि तो अनेकजण नाइलाजाने निवडतात. वांद्रे पूर्वेचा स्कायवॉक २००८ मध्ये एमएमआरडीएने बांधला, तो शहरातला पहिला. २०१९ मध्ये तो धोकादायक ठरून बंद झाला आणि पुढे पाडावा लागला. त्यानंतर पुन्हा बांधणीच्या चर्चेत जी वर्षे गेली त्या काळात स्थानकापासून कलानगरपर्यंतचे चालणे म्हणजे रिक्षा, फेरीवाले आणि गटाराची झाकणे यांच्यामधून वाट काढणे होते. तीन किलोमीटरच्या प्रश्नावर शेकडो कोटींचे उपाय शोधणाऱ्या शहराला पाऊण किलोमीटरचा सलग पदपथ वर्षानुवर्षे सांभाळता येत नाही, ही गोष्ट या प्रकरणात बाजूला ठेवता येणार नाही.

मेट्रो-३ ने चित्र थोडे बदलले. आरे ते बीकेसी हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, पुढे वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंतचा मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. घाटकोपरला उतरून मेट्रो-१ ने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो-३ ने बीकेसी असा वळसा घालणारे मध्य रेल्वेचे प्रवासी आता भेटतात. मात्र वांद्रे लोकल स्थानकावर उतरणाऱ्याला या भुयारी मार्गाचा काही उपयोग नाही.

कडेच्या साठ मीटरांचा हिशेब

स्वयंचलित मोटारीबद्दलची चर्चा बहुधा वेग, सेन्सर आणि अपघात यांच्याभोवती फिरते. या पट्ट्यावर सर्वांत आधी अडणारी गोष्ट वेगळीच आहे: स्थानकाबाहेर वाहन उभे करून माणसे घ्यायला मिळणारी रस्त्याची कड. समजा, अशी साठ मीटर कड उपलब्ध आहे आणि प्रत्येक लहान वाहनाला आत येणे, माणसे घेणे आणि बाहेर पडणे यासाठी एक मिनिट लागते.

मोटारीला पुढेमागे जागा धरून सहा मीटर लागतात. म्हणजे एका वेळी दहा आणि तासाला सहाशे मोटारी. ॲपवरून गाडी बोलावणारा बहुधा एकटाच असतो, कधी सोबत एखादा सहकारी. सरासरी सव्वा माणूस धरला तरी तासाला साडेसातशे माणसे हलली. रिक्षाला साडेतीन मीटर पुरतात. एका वेळी सतरा, तासाला हजारावर रिक्षा आणि प्रत्येकी तिघे, म्हणजे तीन हजार माणसे. बारा मीटरच्या बसला पंधरा मीटर जागा आणि साठ प्रवासी भरायला तीन मिनिटे दिली, तर चार बस एका वेळी उभ्या राहून तासाला ऐंशी बस सुटतात आणि ४,८०० माणसे जातात. ही सर्व आकडेमोड गृहीतांवर उभी आहे आणि प्रत्यक्षात कलानगरचा सिग्नल इतकी वाहने पुढे सोडणार नाही. तरी क्रम बदलत नाही: त्याच साठ मीटरांतून शेअर रिक्षा एकट्याच्या मोटारीच्या चौपट माणसे काढते, आणि बस त्याहून दीडपट.

गाडीत चालक आहे की संगणक, याने या हिशेबात काही फरक पडत नाही. किंबहुना थोडा विरुद्ध फरक पडेल. रिक्षात पाय टाकला की ती हलते. चालकाविना गाडीला आपला प्रवासी कोणता हे आधी ओळखावे लागते, दार उघडावे लागते, सर्वांनी पट्टा लावला आहे का, दार नीट बंद झाले आहे का हे तपासावे लागते आणि मग आजूबाजूला पुरेशी मोकळी जागा मिळाल्यावरच निघावे लागते. ही सावधगिरी योग्यच आहे, पण प्रत्येक गाडीमागे ती आणखी काही सेकंद खाते.

स्वयंचलित गाडीत तीन अनोळखी माणसे एकत्र बसवली तर तोच आकडा अठराशेवर जाईल, असे तिचे समर्थक म्हणतील आणि ते खरे आहे. पण एकाच दिशेच्या तिघांना एकत्र आणण्याचे जे काम त्यासाठी ॲपला करावे लागेल, ते स्टँडवरचा पुकारा आजच करतो आणि कमी जागेत करतो.

आणखी एक गोष्ट रिकाम्या फेऱ्यांची. सकाळी सर्व प्रवाह संकुलाकडे असतो, त्यामुळे जाताना भरलेले वाहन परत येताना रिकामे येते. रिक्षाचेही तेच होते, आणि परतीचे भाडे मिळणार नाही म्हणून काही ठिकाणी नकार देणारे रिक्षावाले याच गणिताने चालतात. खासगी मालकीच्या स्वयंचलित गाडीत मात्र नवीनच धोका आहे. आजची खासगी गाडी संकुलातल्या वाहनतळात दिवसभर निपचित पडून असते. चालकाविना गाडीला वाहनतळाचे पैसे वाचवण्यासाठी मालकाला सोडून बोरिवलीला घरी पाठवता येईल आणि संध्याकाळी पुन्हा बोलावता येईल. एका माणसाच्या दोन फेऱ्यांच्या तिथे चार होतील आणि त्यांतल्या दोन पूर्णपणे रिकाम्या असतील.

पैशांचा हिशेब

फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये आहे. तीन किलोमीटरला मीटरने सुमारे ५२ रुपये होतात. तिघांत वाटले तर माणशी १७ ते १८. बसला १० किंवा १२. पॉड टॅक्सीच्या प्रस्तावात किलोमीटरला २१ रुपये धरले होते, म्हणजे याच अंतराला ६३.

आता चालक काढला की काय वाचते ते पाहू. त्या ५२ रुपयांतले निम्मे, गॅस, दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता जाऊन, चालकाच्या हातात उरतात असे धरले तर वाचणारी रक्कम २६ रुपये आहे, आणि तीही तिघांत वाटली तर माणशी नऊ रुपयांहून कमी. अमेरिकेत टॅक्सीच्या भाड्यात चालकाच्या मेहनतान्याचा वाटा मोठा असतो आणि मेहनतानाही मोठा असतो. म्हणून तिथे चालक काढण्यामागे आर्थिक तर्क आहे. चालकाविना टॅक्सी चालवणाऱ्या वेमो या अमेरिकी कंपनीच्या पाचव्या पिढीच्या गाडीवर २९ कॅमेरे, ५ लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारी उपकरणे) आणि ६ रडार बसवलेले असतात. वर संगणक, वारंवार अद्ययावत करावे लागणारे नकाशे, रोजची स्वच्छता, चार्जिंगचा तळ, आणि गाडी गोंधळली की दुरून तिला सल्ला देणारे कर्मचारी हा सगळा खर्च येतो. तो नऊ रुपयांच्या बचतीतून कसा भागेल हे मला तरी दिसत नाही. उपकरणे स्वस्त होत आहेत हे मान्य करूनही, मुंबईत माणसाचे श्रम ज्या दराने विकत मिळतात त्याच्याशी स्पर्धा करणे यंत्राला अवघड आहे. हे वास्तव अभिमानाचे नाही, पण हिशेबात ते धरावे लागते.

गर्दीत वाट मिळणे

तंत्राच्या बाजूने पाहिले तर ही गाडी कल्पनेतली राहिलेली नाही. २००९ मध्ये गूगलने सुरू केलेल्या प्रकल्पातून वेमो उभी राहिली, ऑक्टोबर २०२० मध्ये फीनिक्समध्ये तिने पुढच्या सीटवर कोणीही नसलेल्या गाड्या सर्वसामान्यांना खुल्या केल्या, जून २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तिची प्रतीक्षायादी संपली आणि २०२५ च्या पूर्वार्धात तिच्या सशुल्क फेऱ्या आठवड्याला अडीच लाखांवर गेल्या. भारतातही भोपाळची स्वायत्त रोबोट्स आणि बेंगळुरूची मायनस झिरो या कंपन्या इथल्या रस्त्यांसाठी काम करत आहेत. त्यामुळे ‘आपल्याकडे हे शक्यच नाही’ असे म्हणून विषय संपवणे बरोबर नाही.

तरी कलानगरच्या चौकात काय होते ते बारकाईने पाहावे. सिग्नल हिरवा होण्याआधी दुचाकी पुढे सरकतात. रस्ता ओलांडणारा माणूस हात किंचित वर करून, गाडीकडे न पाहता, थांबण्याची विनंती आणि हुकूम एकाच वेळी देतो. रिक्षाचालक डोके बाहेर काढून मागच्याशी नजर मिळवतो आणि दोन वाहनांमधल्या वीतभर जागेवर हक्क सांगतो. वाहतूक वॉर्डन सिग्नल लाल असतानाही एका बाजूची रांग सोडतो. इथे रस्ता नियमाने मिळत नाही, तो समोरच्याच्या अंदाजावर घ्यावा लागतो. ज्या गाडीला कोणत्याही परिस्थितीत टक्कर टाळण्यास शिकवले आहे तिचा हा स्वभाव आठवडाभरात सर्वांना कळेल आणि मग तिच्यापुढे प्रत्येकजण घुसेल. ती सुरक्षित राहील, फक्त पुढे जाणार नाही, आणि तिच्या मागे ३१० नंबरची बस उभी असेल.

नकाशाचाही प्रश्न आहे. मेट्रो-२ब च्या कामामुळे संकुलातले अडथळे आणि वळवलेल्या मार्गिका बदलत राहिल्या. पावसाळ्यात लायडारच्या किरणांना थेंबांचा त्रास होतो, आणि पाणी साचले की खड्डा किती खोल आहे हे वरून ना कॅमेऱ्याला कळते ना माणसाला; फरक एवढाच की मुरलेल्या चालकाला तो खड्डा कालपासून ठाऊक असतो. सुव्यवस्थित शहरातही अनपेक्षित घडले की गाड्या अडतात. डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागातली वीज गेली आणि सिग्नल बंद पडले, तेव्हा वेमोच्या कित्येक गाड्या चौकांत उभ्या राहिल्या आणि कंपनीला सेवा थांबवावी लागली.

याउलट मुंबईत असे काही रस्ते आहेत जिथे ही गाडी आजही बरीचशी शोभेल: वांद्रे-वरळी सागरी सेतू, सागरी किनारा मार्ग, अटल सेतू. तिथे पादचारी नाहीत, रिक्षा नाहीत, दुचाकींना बंदी आहे. या रस्त्यांवर स्वयंचलित गाडीची मोठी अडचण दूर होते, पण तिथे तिची तेवढी गरज नसते, कारण त्यावरून जाणाऱ्याकडे बहुधा स्वतःची गाडी असते.

सुरक्षिततेचा दावा

या गाड्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा सुरक्षिततेचा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. वेमोच्या संशोधकांनी जानेवारी २०२५ पर्यंतच्या ५ कोटी ६७ लाख मैलांच्या चालकरहित प्रवासाचा अभ्यास करून, त्याच शहरांतल्या मानवी चालकांच्या तुलनेत पादचाऱ्यांना इजा होणारे अपघात ९२ टक्क्यांनी कमी असल्याचे दाखवले. अभ्यास कंपनीचाच असला तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. यंत्र झोपत नाही, दारू पीत नाही, मोबाइल पाहत नाही.

दुसरी बाजूही नोंदलेली आहे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणी गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला चिरडले. सुरक्षेसाठी बसवलेल्या चालकाचे लक्ष रस्त्यावर नव्हते, आणि झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडू शकतो याचा विचार त्या यंत्रणेच्या रचनेतच नव्हता, असे तपासात निघाले. अशी रचना घेऊन कोणी वांद्रे पूर्वेला आले तर काय होईल हे सांगायला नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझच्या गाडीने, दुसऱ्या वाहनाच्या धडकेने समोर पडलेल्या महिलेला सुमारे वीस फूट फरफटत नेले. कंपनीचा परवाना गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिची मालक असलेल्या जनरल मोटर्सने या व्यवसायातून अंग काढून घेतले.

याच पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, कुर्ला पश्चिमेच्या एस. जी. बर्वे मार्गावर, ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बेस्टची भाडेतत्त्वावरची विजेवर चालणारी बस गर्दीत घुसली आणि अनेकांचा बळी गेला. स्वयंचलित गिअरची बारा मीटरची बस चालवण्याचे चालकाचे प्रशिक्षण पुरेसे नव्हते, हा मुद्दा त्यानंतर पुढे आला. चालक काढून टाकण्याच्या बाजूने हा दाखला देणारे भेटतात. माझ्या मते तो वेगळ्याच गोष्टीच्या बाजूने आहे. पुढे अडथळा दिसताच आपोआप लागणारा ब्रेक आणि वेगावर मर्यादा घालणारी यंत्रणा हे स्वयंचलित गाडीतले सर्वांत उपयोगी भाग आहेत, आणि ते बसमध्ये बसवायला चालकाला खाली उतरवावे लागत नाही. एका बसमध्ये बसवलेला असा ब्रेक साठ प्रवाशांचे आणि बाहेरच्या सर्वांचे रक्षण करतो.

शिवाय सुरक्षितता प्रवासाच्या एका तुकड्याची मोजून चालणार नाही. वांद्र्याला उतरलेल्या माणसाने आपल्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा भाग आधीच पार केलेला असतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि अन्य कारणांनी दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी खाली पडले ती घटना ताजी आहे. लोकलला बंद होणारी दारे आणि वाढीव फेऱ्या मिळाल्या तर जितके जीव वाचतील तितके शेवटच्या तीन किलोमीटरांत कोणतीही गाडी वाचवू शकणार नाही.

स्वतःची वाट असलेली चालकरहित वाहने

चालकाविना वाहतूक ही मुळात जुनी गोष्ट आहे. जपानमधल्या कोबेची पोर्ट लायनर १९८१ पासून, फ्रान्समधल्या लीलची मेट्रो १९८३ पासून आणि पॅरिसची १४ क्रमांकाची मार्गिका १९९८ पासून अशी चालते. दिल्लीच्या मॅजेंटा मार्गिकेवर डिसेंबर २०२० मध्ये ती भारतात आली. या सगळ्या ठिकाणी गाडीच्या वाटेत दुसरे कोणी येतच नाही. मेट्रो-३ च्या फलाटांवर छतापर्यंतच्या काचेच्या दारांमुळे रुळांवर माणूस पडण्याची शक्यताही काढून टाकली आहे. तिथे यंत्राला जग समजून घ्यावे लागत नाही, फक्त पुढची गाडी किती लांब आहे एवढे कळावे लागते. आठ डब्यांच्या एका गाडीत सुमारे अडीच हजार माणसे मावतात. पाच मिनिटांना एक गाडी धरली तर एका दिशेला तासाला तीस हजार.

पॉड टॅक्सी ही मेट्रो आणि रस्त्यावरची स्वयंचलित मोटार या दोहोंच्या मधली आहे. वांद्रे आणि कुर्ला स्थानकांना संकुलातून जोडणारा ८.८५ किलोमीटरचा उन्नत मार्ग, ३८ थांबे, सहा माणसांचा पॉड, कमाल वेग ताशी ४० किलोमीटर आणि सुमारे १,०१६ कोटी रुपयांचा खर्च, असा मूळ प्रस्ताव होता. स्वतंत्र वाट असल्यामुळे कलानगरचा चौक, वॉर्डन आणि हात दाखवणारा पादचारी हे सर्व प्रश्न तिला खाली सोडता येतात, आणि हा तिचा खरा फायदा आहे. पण दर पंधरा सेकंदांना एक पॉड सुटला तरी तासाला २४०, आणि सर्व भरून गेले तरी एका दिशेला १,४४० माणसे होतात. म्हणजे स्टँडवरच्या शेअर रिक्षांच्या निम्म्याच्याही खाली. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर २०११ पासून अशाच पॉड चालतात, पण तिथे २१ पॉड वाहनतळातून टर्मिनल-५ ला माणसे नेतात. तिथली गर्दी दिवसभर विखुरलेली असते. वांद्र्याला ती दर तीन-चार मिनिटांनी एकदम कोसळते. पश्चिम व्हर्जिनियातल्या मॉर्गनटाउनमध्ये १९७५ पासून चालणारी सेवा विद्यापीठाच्या तासांच्या गर्दीला तोंड देते, हे उदाहरण बीकेसीला अधिक जवळचे आहे, आणि तिथली वाहने पॉडपेक्षा बरीच मोठी आहेत.

कायदा आणि रोजगार

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३ नुसार परवानाधारक व्यक्तीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवता येत नाही. वाहन चालवणारी व्यक्तीच नसेल तर काय, याचे उत्तर त्या कायद्यात नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगितले की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या देशात येऊ देणार नाही. भूमिका समजण्यासारखी आहे. फक्त पॉड टॅक्सीनेही रिक्षावाल्यांचे काम जाणार आहे, मेट्रोनेही काही गेले आहे, आणि त्यांच्याबद्दल कोणी असे बोलत नाही. रोजगार हाच निकष असेल तर तो सर्वांना सारखा लागू व्हायला हवा.

या पट्ट्यावर काय करावे

अनंत काणेकर मार्गापासून संकुलापर्यंत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बससाठी एक मार्गिका राखून ठेवणे, ३१० च्या फेऱ्या लोकलच्या वेळांशी जुळवणे आणि शेअर रिक्षांना ठरलेल्या दराचा, रंगवलेल्या पट्ट्यांचा अधिकृत स्टँड देणे, एवढ्याने साठ मीटर कडेचा उपयोग आजच्यापेक्षा कितीतरी चांगला होईल. पदपथ यात पहिला यावा, कारण पाऊण तास चालण्याची तयारी असलेली माणसे इथे भरपूर आहेत. पॉड बांधायचीच असेल तर तिचे खांब त्या पदपथावर येऊ नयेत आणि तिकीट बस-मेट्रोच्या तिकिटाशी जोडलेले असावे. ६३ रुपये देऊन तीन किलोमीटर जाणारा प्रवासी वकिलातीत किंवा बैठकीला आलेला असेल, रोजचा कारकून किंवा हिऱ्याचा कारागीर नव्हे.

स्वयंचलित मोटारीची जागा मला या पट्ट्यावर रात्री दिसते. अकरानंतर संकुलाचे रुंद रस्ते मोकळे होतात, बस कमी होतात, रिक्षा मागेल ते भाडे घेते, आणि परदेशी वेळेनुसार काम करणाऱ्या कार्यालयांतल्या स्त्रियांना सोडण्याची जबाबदारी कंपन्यांवर असते. अंध किंवा चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तर रिक्षाचा स्टँड कोणत्याही वेळी सोयीचा नसतो. संकुलाच्या हद्दीत, ठरावीक रस्त्यांवर, रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत, सुरुवातीला आत प्रशिक्षित चालक बसवून काही गाड्या चालवून पाहता येतील. त्यासाठी परवानगीची चौकट लागेल, आणि प्रत्येक अपघाताचा व प्रत्येक वेळी यंत्राने माणसाची मदत मागितल्याचा तपशील जाहीर करण्याची अट तिच्यात पहिल्या दिवसापासून असावी. ही परवानगी सकाळी साडेआठच्या वांद्रे स्थानकापर्यंत वाढवण्याचा अर्ज पुढे आला, तर निर्णय देणाऱ्याने आधी स्थानकाबाहेरची कड मोजून घ्यावी.